वाक्यात उपयोग करा

प्रश्न दुसरा, उपप्रश्न आ.
सखल. वाक्यात उपयोग करा. एक गुण.

बत्तीस वह्यांत बत्तीस वेळा
'पावसाचे पाणी सखल भागात साचते.'
मीच फळ्यावर दिलेलं वाक्य परत आलेलं,
कुठे वेलांटी चुकून, कुठे 'सकल' होऊन.

तेहतिसावी वही तमन्ना शिकलगारची:
'आमचे घर सखल आहे.'

मी 'घर'खाली लाल रेघ ओढली.
समासात लिहिलं: घर ठेंगणे असते, बैठे असते.
सखल असते ती जमीन.
दुरुस्ती करून दाखवणे.
अर्धा गुण.

व्याकरणाच्या बाजूने मी बरोबर होते,
विश्रामबागेत, तिसऱ्या मजल्यावर,
चहाचा कप कठड्यावर ठेवून.

मला हा शब्द तसा आवडतो.
ठेंगणा, ठेंगणी, ठेंगणं
असं रूप बदलत कुणाच्या मागे फिरत नाही.
सखल रस्ता, सखल गल्ली, सखल रान:
तिघांच्या दारात त्याच पायांनी उभा.
आणि खोल म्हणजे सखल नव्हे, हे मी दरवर्षी सांगते.
विहीर एकटीसुद्धा खोल असू शकते.
सखलला शेजारी लागतो.
कुणीतरी उंचावर राहिल्याशिवाय
कुणालाच सखल राहता येत नाही.
(हे वर्गात म्हणाले तेव्हा
दिवसभर मला माझंच कौतुक वाटत होतं.)

मग ऑगस्टात धरणाचे दरवाजे उचलले.
आयर्विन पुलाखाली फूट मोजणं सुरू झालं,
माणसं भेटली की नमस्काराऐवजी
'किती झालं?'
रात्री रिक्षावरचा भोंगा दोनदा फिरला:
'सखल भागातील नागरिकांनी...'
अंथरुणात पडल्या पडल्या मी सवयीने
विशेषण शोधलं, विशेष्य शोधलं.
सखल, भागाचं विशेषण. नागरिकांचं नव्हे.
भोंगा वळणावर गेला, वाक्य भिजत गेलं,
आणि शब्द भागावरून सरकून
माणसांवर बसला.

आमच्या शाळेत छावणी पडली.
आठवी ब मध्ये अकरा कुटुंबं, दोन शेळ्या,
एक शिवणयंत्र, बाकांवर गाद्या.
तमन्नाचे वडील दस्तगीरभाई,
पाटबंधारे खात्यातले खलाशी,
तीस वर्षं मोजणीची पट्टी धरून उभे राहिलेले.
'मॅडम, पोरीचा अर्धा मार्क कापला न्हवं तुमी,'
हसून म्हणाले,
आणि कोपऱ्यातला खराटा
फळ्याशी उभा धरला, अगदी ओळंब्यात.

'सायेब दुर्बिणीतनं बघतो. ती जागची हालत न्हाई.
पट्टी घिऊन मी फिरायचं.
टेकाडावर उभा ऱ्हायलो की आकडा ल्हान,
सखलात उतरलो की आकडा मोठा.
एकदा आमच्या दारात धरली हुती, आपली गंमत म्हणून.
तीन मीटर आठशे.
सायेब म्हणला, शिकलगार,
आजच्या दिवसात सगळ्यात मोठा आकडा तुझा.'

'सगळ्यात मोठा,' गाठोड्यावर बसलेली तमन्ना म्हणाली,
कुणालाच उद्देशून नाही.

पाणी उतरायला नऊ दिवस लागले.
मी वही द्यायला तिच्या घरी गेले.
स्टेशन चौक ओलांडल्यावर हात सैल सोडला,
तरी स्कूटर आपली चालतच राहिली.
बावीस वर्षं सांगलीत राहून
मी या गावाला सपाट समजत होते.

काटकर प्लॉट, शेवटची गल्ली.
आत भिंतीवर गाळाची रेघ, माझ्या डोक्याच्याही वर,
पट्टीने ओढल्यासारखी सरळ.
तिची आई खोऱ्याने चिखल ओढत होती.
कपाट फुगून दारं मिटत नव्हती,
पुस्तकांची एकच वीट झाली होती.
कोरडी राहिली ती एवढी एकच वही,
माझ्याकडे होती म्हणून.

तमन्नाने हात परकराला पुसले, पान उघडलं,
माझं अक्षर मोठ्यानं वाचलं:
'दुरुस्ती करून दाखवणे.'
आणि घरभर बघितलं.